चालेलकाकूंचा नकार

रोपवाटिकेच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला कुंड्या, उजव्या हाताला गुलाब आणि समोर, हिरव्या जाळीच्या सावलीत, लांब लाकडी बाकाशी अनवाणी उभ्या चालेलकाकू, अशी मांडणी बरीच वर्षं होती. गुलाब विकले जायचे, कुंड्या फुटायच्या. काकूंना मात्र कुणी हलवलं नव्हतं, आणि आपणहून हलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांचं खरं नाव घरातल्यांनाही आठवावं लागलं असतं. लग्नासाठी मुलगा दाखवला तेव्हा त्या 'चालेल' म्हणाल्या होत्या. तो स्वभावाने गोड आणि तब्येतीने कच्चा निघाला, आणि पोर शाळेत जायला लागायच्या आतच वारला. तेव्हा थोरले दीर म्हणाले, "आता तू रोपांकडे बघ, बाकीचं मी बघतो." चालेल. बाकीचं म्हणजे काय काय, हे त्यांनी विचारलं नाही. उजेडाची खोली जाऊबाईंना, भिंतीकडे तोंड केलेली खोली काकूंना. चालेल. चहात साखर पडायची राहिली, तरी चालेल. पुढे एका गिऱ्हाइकाने तडकलेली कुंडी दाखवून विचारलं, "ही बदलून देताय की अशीच नेऊ, चालेलकाकू?" जाऊबाईंना ते नाव इतकं आवडलं की आठवडाभरात सगळ्या गल्लीला पाठ झालं. काकूंना ते आवडलं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं.

काकूंची दुसरी ख्याती जिभेची. बोलण्याची नव्हे, त्या बाबतीत जाऊबाई असताना घरात दुसऱ्या कुणाला वाव नव्हता. काकू माती चाखायच्या. नवी माती आली, खत आलं, की बोटाच्या टोकावर चिमूट घ्यायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे, जबडा एकदा हलवायचा आणि पत्र्याच्या डब्यात थुंकून निर्वाळा द्यायचा. सासऱ्यांनी शिकवलेली रीत. सासरे गेले, रीत राहिली. भाऊजी, म्हणजे थोरले दीर, गिऱ्हाइकाला मुद्दाम बाकापाशी आणून दाखवायचे. "इतरांकडे माती तपासायला यंत्रं असतात. आमची प्रयोगशाळा चालतीबोलती आहे. बोलती जरा कमी." गिऱ्हाईक भारावायचं आणि दोन रोपं जास्त न्यायचं. पायात काही न घालण्याचंही असंच. ओल किती आहे हे तळपायाला कळतं, असं काकू म्हणत. कळतही असेल. नाही कळलं तरी पायाला कोण विचारतो.

काकूंचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. विमा कंपनीत; लोकांवर काय काय कोसळू शकतं याचा अंदाज करण्याचं काम. तो, त्याची बायको आणि नुकतं रांगायला लागलेलं बाळ एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहायचे. सुनेची रजा संपत आली होती. मुलाने फोन केला.

"आई, तू इकडेच ये आता कायमची. बाळाला आजी मिळेल, तुला आराम. किती दिवस चिखलात उभी राहणार?"

"चालेल," काकू म्हणाल्या.

"बाल्कनीत तुझ्यासाठी दोन निवडुंग आणून ठेवलेत. म्हणजे तुला करमेल."

"चालेल."

फोन ठेवून काकू बाकाशी परत गेल्या आणि शेवंतीची छाटकलमं लावत बसल्या. निवडुंगाला पाणी महिन्यातून एकदा लागतं. बाकीचे दिवस काय करायचं, असा एक विचार मनात आला आणि छाटकलमाबरोबर मातीत गेला.

त्याच सुमारास खताचा जुना गोठेवाला गोठा मोडून मुलीकडे राहायला गेला. भाऊजींनी नवा ठेकेदार शोधला. त्याच्या मालात थोडं शेण होतं आणि पुष्कळसा शहराच्या सांडपाण्याचा वाळवलेला गाळ; 'संपूर्ण कुजवलेलं, निर्धोक,' असं तो म्हणाला, आणि हे म्हणताना स्वतः मात्र वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहिला. ट्रक मागच्या अंगणात रिता झाला. ढीग कमरेएवढा.

"बघ गं," भाऊजी म्हणाले.

काकूंनी चिमूट जिभेला लावली. डोळे मिटले. या वेळी जबडा दोनदा हलला. थुंकल्या.

"चालेल."

पुढचे काही आठवडे विशेष काही झालं नाही. बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, ती चिखलावर घातली. कोरडा खोकला आला, तो हवेवर घातला. मग पोटात गुडगुडायला लागलं, जाऊबाई म्हणाल्या, "वयोमान." जाऊबाई चार वर्षांनी मोठ्या होत्या, पण वयोमान नेहमी धाकट्यांना होत असे.

आणि मग एके दिवशी चालेलकाकूंना राग आला.

प्रसंग साधा होता. एक निवृत्त मास्तर दर रविवारी गुलाबाचं रोप न्यायला यायचे. मागचं मेलेलं असायचं. आल्याबरोबर म्हणायचे, "या खेपेला जरा दणकट द्या, तुमची रोपं फार नाजूक." काकू निमूटपणे दुसरं द्यायच्या. त्या रविवारी त्यांनी रोप दिलं नाही. मातीचे हात कमरेवर ठेवले.

"मास्तर, तुम्ही नेलेलं प्रत्येक रोप मरतं. दुसऱ्या कुणाचं मरत नाही. रोपाचं काय चुकतंय असं तुम्हाला वाटतं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न इतरांना विचारला होता, त्यामुळे उत्तर येत नव्हतं.

त्यानंतर मनातलं सांडत गेलं. जाऊबाईंना ऐकवण्यात आलं की तुम्ही शेजारी उभं राहून बोललात की झाडांना पाणी कमी लागतं, कंटाळूनच माना टाकतात. भाऊजींना विचारण्यात आलं की 'बाकीचं' म्हणजे नक्की काय काय तुम्ही इतकी वर्षं बघताय, कारण कुंपणाची तार तर दीर गेल्यापासून तुटलेलीच आहे. (काकू रागात स्वतःच्या नवऱ्याला दीर म्हणाल्या. त्या गोंधळायलाही लागल्या होत्या.) पांढऱ्या शेवंतीला पिवळीची चिठ्ठी लागली. नळ उघडा राहून गुलाब पोहायला लागले.

हे सगळं इतरांना दिसत होतं. न दिसणाऱ्या दोन गोष्टी काकूंनी कुणाला सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे दुपारी, काही कारण नसताना, छातीत धडधडायला लागायचं. कुणी तरी मागून येतंय असं वाटायचं आणि मागे क्रोटनच्या कुंड्या असायच्या. दुसरी म्हणजे त्या आता माती चाखत नव्हत्या, खात होत्या. कोरी कुंडी फुटली की तिची एक खापरी एप्रनच्या खिशात जायची. पाण्यात बुडवून ती दाताखाली धरली की असं सुख वाटायचं की त्यापुढे साखर काहीच नाही. हे ठीक नाही, एवढं त्यांना कळत होतं. काकूंच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. ती रिकाम्या ताटातून न दिसणारे खडे वेचत बसायची, आणि भाऊ पाहुण्यांना हळूच सांगायचे, "डोक्याने गेली हो." काकू खापरी चघळत आईचा विचार करायच्या, आणि विचार नको म्हणून आणखी एक खापरी घ्यायच्या.

अशा दिवसांत मुलाचा फोन आला. गाडी कधी पाठवू, म्हणून.

"नाही," काकू म्हणाल्या.

"या आठवड्यात नाही? मग पुढच्या?"

"मी येणार नाही. मला तिथे राहायचं नाहीये."

फोन बिघडलाय असं वाटून मुलाने दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग काकांना फोन लावला.

संध्याकाळी भाऊजी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात बसले. काकू भिंतीपलीकडच्या खोलीत होत्या, आणि ती भिंत सासऱ्यांनी स्वतः बांधलेली असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"डोक्यावर परिणाम झालाय," भाऊजी म्हणाले.

"मला काय म्हणाली ते आठवतंय ना?"

"ते सोड. पोराला नाही म्हणाली. ही. नाही."

"तिच्या आईचं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर म्हणतोय."

पलीकडे काकूंनी खापरी तोंडातून काढली आणि उशीखाली ठेवली. त्यांना राग आला नाही, हेच त्यांना जास्त भीतिदायक वाटलं.

मुलगा रजा काढून आला. मोठ्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ त्याने घेऊन ठेवली होती, पण तिथे दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी लागत असल्याने आधी गल्लीच्या टोकावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेण्याचं ठरलं. या बाई कमी बोलायच्या आणि बोलताना पेशंटकडे बघायच्या, त्यामुळे त्यांच्याकडे गर्दी बेताची असे. मुलगा, भाऊजी, जाऊबाई आणि पेशंट असे चौघे आत गेले. खुर्च्या दोन होत्या.

बाईंनी काकूंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. मुलगा तोवर राग, विस्मरण, आजीचा इतिहास हे सगळं मुद्देसूद सांगत होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि काकूंना विचारलं, "अन्न सोडून दुसरं काही खाता?"

काकू जमिनीकडे बघू लागल्या. उत्तर भाऊजींनी दिलं, आणि अभिमानाने दिलं.

"खात नाही हो, चाखते. माती. कला आहे तिची."

"कुठली माती?"

"कुठलीही. खतसुद्धा. जिभेला लावून सांगते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि पायात काय घालता?"

"काही नाही," या वेळी काकूंनीच सांगितलं. "ओल कळते."

"म्हणजे तोंडही उघडं आणि पायही. दोन्ही फाटकं सताड ठेवलीत." बाईंनी रक्ताच्या आणि शौचाच्या तपासणीचा कागद लिहिला. "मोठ्या डॉक्टरांची वेळ तूर्त राहू द्या. आधी खालच्या मजल्यावर कोण कोण राहतंय ते बघू."

दोन जातींचे जंत निघाले. बाईंनी सोपं करून सांगितलं. एक जात ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतून शिरलेली. ती आतड्याला चिकटून रक्त पीत होती. दुसरी तोंडाने आत गेलेली. ती गोल, लांब, आणि तशी नुसती राहायला. रक्त इतकं उतरलं होतं की काकू उभ्या कशा राहतात याचंच बाईंना नवल वाटलं. रक्तातलं लोह असं उतरलं की माणूस थकतो, चिडतो, विसरतो, काहींना माती नाही तर बर्फ खावासा वाटतो. छातीतली धडधडही बरीचशी त्यातलीच. गोळ्या आहेत, उतरेल. आणि गोळ्या घरातल्या सगळ्यांनी घ्यायच्या.

"मी कशाला?" जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या पोटात काही नाही."

"घेऊन टाका. म्हणजे यापुढे काही बोललात तर ते तुमचंच, अशी खात्री राहील."

घरी परतताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर सण असल्यासारखा आनंद होता. वेड नव्हतं, जंत होते. जंत ही सभ्य गोष्ट होती. कुणालाही सांगता येत होती. भाऊजींनी त्याच दिवशी मास्तरांना फोन केला. "त्या दिवशी चालेलकाकू नव्हत्या हो बोलत. जंत बोलत होते." मास्तरांनी जंतांना उदार मनाने माफ केलं आणि रविवारी येऊन दणकट रोप नेलं. जाऊबाईंनीही जाहीर केलं की त्यांच्या मनात काही नाही, किड्यामुंग्यांचं बोलणं त्या मनाला लावून घेत नसतात. कुंपणाच्या तारेचा विषयही जंतांच्या खात्यावर गेला आणि मिटला.

मुलाने निघताना बॅग गाडीत टाकली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "मी घाबरलो होतो गं. मग सातव्या मजल्याचं आता पक्कं ना? ते 'नाही' काही तुझं नव्हतं."

काकूंनी तोंड उघडलं. ओठ सवयीने 'चालेल'साठी जुळले, पण शब्द काही बाहेर पडला नाही.

"बघू," त्या म्हणाल्या.

मुलाने ते 'चालेल' असंच ऐकलं आणि महिन्याअखेरीस न्यायला येतो म्हणून गेला.

गोळ्या सुरू झाल्या. जंतांची गोळी थोडक्यात आटपली, लोहाच्या गोळ्या रोजच्या लागल्या. काकू आपल्या खोलीत बसून एका विचित्र कामाला लागल्या. घरातल्या सगळ्यांनी त्यांची या दिवसांतली वाक्यं एकगठ्ठा जंतांच्या नावे करून टाकली होती. त्यांना स्वतःला मात्र कळत नव्हतं. राग आला तेव्हा तो परका वाटला नव्हता. तो अगदी आपला वाटला होता, ओळखीच्या खोलीत अचानक दिवा लागावा तसा. पण वेड्यांनाही तसंच वाटत असणार; आईला ते खडे दिसत होतेच ना. 'नाही' हा शब्द आयुष्यात एकदा तोंडातून निघाला, आणि तोही दुसऱ्या कुणाचा असावा, हे त्यांना जरा लागलं. त्याहून वाईट म्हणजे, तो आपलाच होता असं खात्रीने म्हणायला त्या धजत नव्हत्या.

पुढच्या खेपेला त्या डॉक्टरीणबाईंकडे एकट्या गेल्या. जाऊबाईंचे जुने रबरी बूट घालून. एक मोजा जास्त घालावा लागला.

"एक विचारू? मी मधे जे काही बोलले, ते मी बोलले की ते?"

बाई हसल्या नाहीत, हे काकूंना आवडलं.

"पोट आणि मेंदू यांच्यात एक लांब मज्जातंतू असतो," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं मेंदू हुकूम सोडतो आणि पोट ऐकतं. बरीचशी खबर उलटीच जाते, खालून वर. आतड्यांना स्वतःचं भलंमोठं मज्जातंतूंचं जाळं आहे, तिथे रसायनं तयार होतात, तिथले जिवाणूही आपली लुडबुड करत असतात. जंत शिरले की त्या सगळ्यात धुमाकूळ. सूज येते, जिवाणूंची घडी विस्कटते, तुमचं तर रक्तही गेलं. वर निरोप काय जातो? काही तरी बिनसलंय, एवढाच. मग वरचा मालक चिडतो, धास्तावतो."

"म्हणजे तेच."

"इतकं सरळ नाही ते. जंतांचा मनावर नक्की किती आणि कसा परिणाम होतो, यावर अजून संशोधन चाललंय. रक्त कमी म्हणून किती, जंत म्हणून किती, मुळातच वैताग होता म्हणून किती, हे तुमच्या बाबतीत मी वेगळं करून देऊ शकत नाही. कुणीच नाही देऊ शकणार."

काकू हिरमुसल्या. त्यांना हो किंवा नाही हवं होतं.

"एक सांगते," बाई म्हणाल्या. "जंत माणसाला चिडका करू शकतील. पण तुमचा मुलगा कितव्या मजल्यावर राहतो हे त्यांना ठाऊक नसतं." मग म्हणाल्या, "घाई करू नका. रक्त भरू द्या, पुन्हा तपासू. काय जातं आणि काय राहतं ते बघा."

काकूंनी तसंच केलं. त्यांना चाखण्याशिवाय दुसरी तपासणी येत नव्हती, म्हणून एकेक वाक्य पुन्हा जिभेवर घेऊन पाहू लागल्या.

आधी खापरी गेली. एके सकाळी तोंडात धरली तर ती चक्क मातीची लागली. दुपारची धडधडही कमी होत गेली; क्रोटन पुन्हा क्रोटन झाले. शेवंतीच्या चिठ्ठ्या जुळायला लागल्या. राग ओसरत होता, भरलेल्या कुंडीतून पाणी निथळावं तसा, आणि तळाशी काय उरतंय ते त्या बघत होत्या.

मास्तरांचं वाक्य खरं होतं, पण म्हणायची गरज नव्हती. रोपं मारणं हा त्यांचा रविवारचा विरंगुळा होता. जाऊबाईंचं वाक्य काकूंना परत घ्यावंसं वाटलं, आणि त्या खरोखरच माफी मागायला गेल्या.

"ताई, झाडं तुमच्यामुळे माना टाकतात असं मी म्हणाले होते."

"अगं सोड. ते जंत."

"नाही, ते मीच. रागात म्हणाले. तसं नसतं काही."

जाऊबाई पाण्याची नळी गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं. जंतांना माफ करणं सोपं होतं. जाऊला माफ करायचं म्हणजे मुळात जाऊने काही म्हटलं होतं हे धरावं लागत होतं.

"बरं, म्हणालीस तर म्हणालीस," त्या अखेर म्हणाल्या. "मी जरा जास्त बोलते, ठाऊक आहे मला." मग नेहमीपेक्षा कमी बोलून आत गेल्या.

राहिला सातवा मजला. तो काकूंनी रोज चाखला. सकाळी ताज्या डोक्याने, दुपारी जेवणानंतर, लोहाच्या गोळीआधी आणि नंतर. चव बदलली नाही. बाळ आठवून जीव तुटायचा, पण बंद दारं, लिफ्ट आणि महिन्यातून एकदा पाणी मागणारे ते दोन निवडुंग आठवले की तोंडात तेच यायचं. नाही. त्यात राग नव्हता, भीती नव्हती. शांतपणे बसून होतं.

हे चाखता चाखता त्यांना आणखी एक गोष्ट आठवली आणि त्या बाकाला धरून उभ्या राहिल्या. खताच्या दिवशी जबडा दोनदा हलला होता. जिभेने तेव्हाच सांगितलं होतं, की माल कच्चा आहे. काही तरी आंबट, सडकं, न पिकलेलं. पण ट्रक रिता झाला होता आणि भाऊजींनी 'बघ गं' म्हटलं होतं.

मग त्या आणखी मागे गेल्या. सासऱ्यांच्या काळापासूनची खतं आठवली, माती आठवली. एकही माल त्यांनी कधी परत पाठवला नव्हता. ज्या जिभेवर रोपवाटिकेचं नाव उभं होतं, ती जीभ दर वेळी एकच शब्द बोलली होती. कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण कुणाला दुसरा शब्द ऐकायचाच नव्हता. जंतांनी काकूंच्या तोंडी 'नाही' घातलं की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. पण जंत स्वतः आत आले ते 'चालेल'मधून, याबद्दल काकूंना शंका राहिली नाही.

दुसरी तपासणी स्वच्छ आली. त्याच आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. जाऊबाईंनी काकूंची बॅग भरून फाटकापाशी आणून ठेवली होती. भरताना त्या रडल्या होत्या, पण वरची घडी सुबक घातली होती. गाडीच्या मागोमाग नेमका ठेकेदाराचा ट्रक आत शिरला. वाट अडली.

"आई, चल पटकन, मग ट्रॅफिक लागेल," मुलगा म्हणाला.

"जाता जाता हे तेवढं बघून जा," भाऊजी म्हणाले. मग त्यांना आठवलं. "म्हणजे चाखू नकोस. नुसता वास घे."

ट्रक अर्धा रिता झाला होता. काकू बूट वाजवत ढिगापाशी गेल्या. हातमोज्यात मूठभर घेतलं, दाबलं, उघडून पाहिलं, लांबूनच वास घेतला. डोळे मिटले नाहीत.

"नाही. कच्चं आहे. परत पाठवा."

भाऊजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अगं, अर्धा ट्रक खाली झालाय."

"मागच्या वेळी पूर्ण झाला होता."

"मागच्या वेळी तू चालेल म्हणालीस."

"तेव्हाही कच्चंच होतं. ट्रक रिकामा झाला होता, म्हणून म्हणाले."

ठेकेदार वाऱ्याच्या उलट्या बाजूला सरकला. भाऊजी ढिगाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर मागची सगळी वर्षं आणि मागचे सगळे ढीग येऊन गेले.

"म्हणजे आजपर्यंत जे जे तू चालेल म्हणालीस," जाऊबाईंनी सावकाश विचारलं, "ते सगळं?"

"त्यातलं काही चालण्यासारखं होतंही," काकू म्हणाल्या.

मग हातमोजे काढून त्या मुलाकडे वळल्या. त्याच्या हातात बॅग होती.

"तुझ्याकडेही नाही. म्हणजे राहायला. भेटायला येईन."

मुलाने आईचा चेहरा निरखून पाहिला. राग शोधला, सापडला नाही. भ्रम शोधला, तोही नाही. विमा कंपनीत असल्यामुळे त्याने एक शेवटची शक्यता तपासली.

"आई, गोळ्या पूर्ण घेतल्यास ना?"

"सगळ्या. तपासणी स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाईंना विचार."

"पण तू हो म्हणाली होतीस."

"मी चालेल म्हणाले होते. हो कधी म्हटलं ते मलाही आठवत नाही."

तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला. आई आजारी असती तर त्याला काय करायचं ते ठाऊक होतं; आई बरी असताना काय करायचं, याची त्याला सवय नव्हती. "बाळाचं काय करू मग?" त्याने शेवटी विचारलं, आणि पहिल्यांदाच तो खरा प्रश्न वाटला.

"पाळणाघर बघा. आणि सुट्टी असेल तेव्हा इकडे घेऊन या. हवे तितके दिवस ठेवा माझ्याकडे. बूट घालून."

ठेकेदाराने माल फावड्याने परत ट्रकमध्ये चढवला. वेळ लागला. मुलाला तोवर निघता येईना, म्हणून तो जेवून गेला. जाऊबाईंनी बॅग आत नेली, आणि कुणाला न विचारता उजेडाच्या खोलीतल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी कुंपणाला नवी तार मारली.

पुढच्या सुट्टीत मुलगा, सून आणि बाळ आले. बरोबर दोन निवडुंग होते. रोज पाणी घालून सुनेने ते कुजवत आणले होते. काकूंनी ते कुंडीतून काढले, मुळं पाहिली आणि एक वाचेल, एक नाही, असं सांगितलं. भाऊजी-जाऊबाईंसह सगळे ऐकत असताना बाळ रांगत बाकाखाली पोचलं. तिथे सांडलेल्या मातीची त्याने मूठ भरली, ती नीट निरखली आणि घराण्याची रीत असल्यासारखी तोंडाकडे नेली.

"नाही," चारही जण एकदम म्हणाले.

काकू आधीच वाकल्या होत्या.